हर्शी गांवचें समाजमंदिर

मोठ्या शहरांत एखाद्या धनिकाच्या नांवाची इमारत दिसली तर तिचें कोणाला नवल वाटत नाहीं. शहरांत पैसा मिळवावा आणि त्यांतला थोडा शहराच्या पदरांत टाकून आपलें नांव दगडावर कोरवून घ्यावें, ही जगाची जुनी रीत आहे. परंतु ज्या गांवांतला कारखाना, घरें, बँक, शाळा, ट्रामगाडी, बाग, नाट्यगृह, इतकेंच नव्हे तर ज्या गांवाचें नांवसुद्धां एकाच माणसाचें आहे, त्या गांवानें त्या माणसाची आठवण कशी ठेवावी? त्याचे उपकार स्मरतांना त्यानें हातीं ठेवलेली सत्ता विसरावी, कीं तीही लिहून ठेवावी? हा प्रश्न ज्या एका लहानशा गांवापुढें कित्येक वर्षें उभा आहे, त्या हर्शी गांवाची, तेथील समाजमंदिराची आणि संग्रहालयाची ही हकीकत आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं पेनसिल्व्हेनिया या संस्थानांत, हॅरिसबर्ग या राजधानीच्या पूर्वेस थोड्या अंतरावर डेरी नांवाचा परगणा आहे. जमीन चुनखडीची, गवत भरपूर, शेतकरी बरेचसे जर्मन वंशाचे, कष्टाळू आणि धर्मभीरु, आणि दूधदुभतें मुबलक. या परगण्यांत हर्शी गांव वसलेलें आहे. कायद्याच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास असें गांवच नाहीं. त्याला स्वतःची नगरपालिका नाहीं, नगराध्यक्षही नाहीं. सारा कारभार डेरी परगण्याच्या नांवानें चालतो. पण लोकांच्या तोंडीं गांव आहे, नकाशावर आहे, आणि त्याचे दोन मुख्य रस्ते चॉकलेट ॲव्हेन्यू व कोको ॲव्हेन्यू या नांवांनीं प्रसिद्ध आहेत. चॉकलेट रस्त्यावरील दिव्यांना येथील लहान टोंकदार चॉकलेटाचा आकार दिलेला आहे. नवखा प्रवासी हें पाहून हंसतो. पण या गमतीच्या मागें एका माणसाच्या अपयशांची आणि चिकाटीची मोठी गोष्ट आहे.

मिल्टन हर्शी यांचा जन्म १३ सप्टेंबर १८५७ रोजीं याच परगण्यांतील एका शेतघरांत झाला. वडील हेन्री हे वाचनाचे शोकी, कल्पक, बोलण्यांत गोड, पण हातीं घेतलेला एकही धंदा तडीस न नेणारे. आई फॅनी ही मेनोनाइट पंथाच्या घराण्यांतली, काटकसरी आणि करारी. वडिलांचा नवा बेत निघाला कीं बिऱ्हाड हलावयाचें, आणि बिऱ्हाड हललें कीं मुलाची शाळा बदलावयाची. त्यामुळें चौथ्या इयत्तेच्या पुढें त्याचें शिक्षण गेलेंच नाहीं. प्रथम त्याला एका जर्मन वृत्तपत्राच्या छापखान्यांत उमेदवारीला ठेवलें. तेथें तो टिकला नाहीं. मग आईनें त्याला लँकेस्टर शहरांतील जोसेफ रॉयर या मिठाईवाल्याच्या हातीं दिलें. तेथें चार वर्षें साखरेचा पाक आणि त्याच्या तारा यांवर त्याचे हात बसले. पुस्तकानें जें दिलें नाहीं तें कढईनें दिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

१८७६ सालीं अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा शतसांवत्सरिक उत्सव फिलाडेल्फिया येथें भरला होता. त्या गर्दीच्या शहरांत या तरुणानें मिठाईचें दुकान थाटलें. आई आणि मावशी मिठाई कागदांत गुंडाळीत बसत. मामा पैसे पाठवी. सहा वर्षें राबून १८८२ सालीं दुकान बुडालें. मग वडिलांच्या मागोमाग तो डेन्व्हरकडे गेला. तेथें एका मिठाईवाल्याकडे नोकरी करीत असतां, ताजें दूध घातलें म्हणजे कॅरमेल नांवाची वडी नरम राहते आणि टिकतेही, ही गोष्ट त्यानें शिकून घेतली. पुढें शिकागो आणि न्यूयॉर्क येथेंही त्यानें नशीब अजमावून पाहिलें, आणि दोन्हीकडे हात पोळून घेतले. १८८६ सालीं तो लँकेस्टरला परतला तेव्हां खिसा रिकामा होता आणि नातलगांनीं दारें लावून घेतलीं होतीं. त्या वेळीं लेबकिकर नांवाच्या त्याच्या एका जुन्या नोकरानें त्याला आश्रय दिला, आणि न्यूयॉर्कहून आलेल्या सामानाचें भाडें स्वतः भरून तें सोडविलें. ज्याच्या घरीं एकेकाळीं चाकरी केली त्याच्यावर त्याच चाकरानें असा उपकार करावा, ही गोष्ट पुढें लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

या वेळीं मात्र फांसा सरळ पडला. ताज्या दुधाची कॅरमेल एका इंग्रज व्यापाऱ्याला पसंत पडली, त्याची मोठी मागणी आली, बँकेचें कर्ज फिटलें, आणि लँकेस्टर कॅरमेल कंपनी झपाट्यानें वाढली. १८९३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत हर्शी यांनीं ड्रेस्डेनच्या लेमान कंपनीचीं चॉकलेट तयार करण्याचीं यंत्रें चालतांना पाहिलीं आणि तीं विकत घेतलीं. ‘कॅरमेल ही आज आहे, उद्यां नाहीं, चॉकलेट मात्र टिकेल’ अशी त्यांची खात्री झाली होती. १९०० सालीं त्यांनीं कॅरमेलचा चालता धंदा दहा लक्ष डॉलरांना विकून टाकला आणि चॉकलेटचा हक्क तेवढा स्वतःकडे ठेवला. चालत्या धंद्यावर पाणी सोडून अनिश्चित धंद्यामागें लागणाऱ्याला व्यवहारी जगांत वेडा म्हणतात. तो यशस्वी झाला कीं तेंच जग त्याला द्रष्टा म्हणूं लागतें.

दुधाचें चॉकलेट हें त्या काळीं श्रीमंतांचें खाणें होतें. तें करण्याची युक्ति स्वित्झर्लंडच्या कारखानदारांनीं गुप्त ठेवली होती. दुधांत पाणी फार, कोकोंत स्निग्धांश फार. दोहोंचें सहजासहजीं जमत नाहीं, आणि पाणी राहिलें कीं माल लवकर बिघडतो. हर्शी यांनीं आपल्या शेतघरीं कित्येक महिने भट्ट्या पेटवून प्रयोग केले, दूध निर्वात भांड्यांत मंद आंचेवर आटवून पाहिलें, मणोगणती माल फेकून दिला, आणि अखेर आपली रीत बसविली. तिचा फायदा असा झाला कीं पांच सेंटांच्या एका नाण्यांत मजुराच्या मुलालाही चॉकलेटची वडी मिळूं लागली. वडीचें वजन वेळोवेळीं कमीजास्त झालें, पण ही पांच सेंटांची वडी १९६९ सालापर्यंत विकली जात होती.

१९०३ सालीं नव्या कारखान्याची जागा ठरली ती जन्मगांवाशेजारच्या शेतांत. मित्रांनीं डोक्याला हात लावला. तेथें ना वस्ती, ना बाजार. पण तेथें दूध होतें, पाणी होतें, बांधकामाला चुनखडीचा दगड होता आणि आगगाडीचा रूळ होता. १९०५ सालीं कारखाना पुरा झाला. मजुरांसाठीं एका साच्यांतल्या चाळी न बांधतां निरनिराळ्या नमुन्यांचीं घरें बांधलीं, त्यांत वीज व पाण्याचे नळ दिले, आणि तीं विकत घेण्याची सोय केली. कामकऱ्यांना फिरावयास बाग, येण्याजाण्यास ट्राम, बचतीला बँक आणि मुलांना शाळा हीं एकामागून एक उभीं राहिलीं. हें सर्व दान होतें काय? केवळ दान म्हणणें बरोबर नाहीं, आणि केवळ धंदा म्हणणेंही बरोबर नाहीं. समाधानी मजूर चांगलें काम करतो हें त्यांना ठाऊक होतें. पण बिऱ्हाड पाठीवर घेऊन ज्यानें बाळपण काढलें त्याला स्थिर घराचें मोल अधिक कळलें असेल, हेंही खरें.

१८९८ सालीं हर्शी यांनीं कॅथरिन स्वीनी या आयरिश कॅथोलिक तरुणीशीं विवाह केला. मेनोनाइट आईला हें फारसें रुचलें नाहीं. पण उभयतांचें एकमेकांवर अतिशय प्रेम होतें. मूलबाळ मात्र झालें नाहीं. आपल्याकडे अशा घरीं दत्तकाचा विचार होतो, आणि मिळकतीला एक वारस मिळतो. या दांपत्यानें निराळेंच केलें. १५ नोव्हेंबर १९०९ रोजीं दानपत्र करून त्यांनीं पोरक्या मुलांसाठीं निवासी शाळा स्थापिली, आणि १९१० सालीं पहिलीं मुलें हर्शी यांच्या जन्मघरांतच राहावयास आलीं. लिहिण्यावाचण्याबरोबर हाताला एखादा धंदा शिकवावा, असा शाळेचा क्रम होता. १९१५ सालीं कॅथरिन वारल्या. तीन वर्षांनीं, १९१८ सालीं, हर्शी यांनीं चॉकलेट कंपनीचे आपले भाग या शाळेच्या विश्वस्तनिधीला देऊन टाकले. त्यांची किंमत सुमारें सहा कोटि डॉलर होती. ही गोष्ट त्यांनीं बोलून दाखविली नाहीं. १९२३ सालीं वृत्तपत्रांना तिचा सुगावा लागला तेव्हां जगाला कळली. अशा रीतीनें कारखान्याचा धनी एक माणूस न राहतां पोरक्या मुलांची शाळा झाली. या एका कृत्यावर गांवाचा पुढचा सारा इतिहास उभा आहे.

आतां समाजमंदिराकडे वळूं. गांवासाठीं एक मोठी सार्वजनिक इमारत बांधावयाचा बेत १९१५ च्या सुमारासच ठरला होता आणि लँकेस्टरचे वास्तुशिल्पी एम्लेन अर्बन यांनीं तिचे आराखडेही काढले होते. पण महायुद्ध आलें, साखरेचे भाव भडकले, हर्शी यांचें लक्ष व पैसा क्युबा बेटांतील साखरकारखान्यांत गुंतला, आणि आराखडे कपाटांत पडून राहिले. ते बाहेर निघाले तेही विपरीत काळीं. १९२९ सालीं अमेरिकेंत आर्थिक मंदी कोसळली. बँका बुडाल्या, गिरण्या बंद पडल्या, आणि धडधाकट माणसें भाकरीसाठीं रांगा लावून उभीं राहूं लागलीं. बहुतेक कारखानदारांनीं हात आंखडते घेतले. हर्शी यांनीं नेमकें उलट केलें. या वेळीं सिमेंट स्वस्त, लोखंड स्वस्त आणि माणसांना काम हवें आहे, तर बांधावयाचें तें आतांच बांधावें, असा त्यांनीं हिशेब केला. या बांधकामावर सुमारें ६०० माणसांना रोजगार मिळाला. एक गोष्ट अजून सांगतात. एका ठिकाणीं पाया खणण्यास वाफेचें यंत्र आणलें होतें. मुकादम अभिमानानें म्हणाला, ‘हें चाळीस माणसांचें काम करतें.’ हर्शी म्हणाले, ‘तर मग तें काढून टाका आणि चाळीस माणसें लावा.’ शब्द नेमके हेच असतील असें नाहीं. पण गांवानें ही गोष्ट जपली आहे, आणि गांव कोणती गोष्ट जपतें यावरूनही त्याचें मन कळतें.

१९३३ सालच्या सप्टेंबरांत, अमेरिकेंतील कामगारदिनीं, समाजमंदिर लोकांसाठीं उघडलें. कारखान्यासमोरच ही दगडी इमारत उभी राहिली. तिच्यांत सुमारें १,९०० आसनांचें मोठें नाट्यगृह होतें, शिवाय लहान नाट्यगृह होतें. तालीमखाना, पोहण्याचा तलाव, ग्रंथालय, भोजनगृह, एकट्या राहणाऱ्या पुरुषांसाठीं खोल्या, आणि वरच्या मजल्यावर लहानसें रुग्णालयही होतें. दर्शनी दालनाची जमीन इटलीहून आणविलेल्या लाव्हाच्या दगडाची आहे. छतावर गव्हाच्या पेंढ्या, मधमाश्यांचीं पोळीं, राजहंस आणि रथ कोरले आहेत. मोठ्या नाट्यगृहांत गेलें कीं डोक्यावर छत नसून मोकळें आकाशच आहे असा भास होतो. त्यांत तारे लुकलुकतात आणि ढग सरकतात. दिवसभर कोकोच्या वासांत आणि यंत्रांच्या घरघरींत राबणारा मजूर संध्याकाळीं कपडे बदलून, बायकामुलांसह येथें येऊन बसे. राजधानींतल्या सरदाराला जें नाट्यगृह शोभावें तें त्याच्यासाठीं बांधलें होतें. गरिबांसाठीं बांधावयाचें तर साधेंसुधें बांधावें, असा जो कंजूष दानाचा प्रघात असतो, तो येथें पाळला गेला नाहीं. समाजमंदिराचें खरें वैशिष्ट्य त्याच्या संगमरवरापेक्षां या गोष्टींत आहे.

१९३८ सालीं याच इमारतींत एक महाविद्यालय सुरू झालें. डेरी परगण्यांतील रहिवाशांना आणि हर्शीच्या कामगारांना तेथें फी नव्हती. ज्याची शाळा चौथींत सुटली त्यानें गांवच्या तरुणांना महाविद्यालय दिलें! तें १९६५ सालापर्यंत चाललें. या आणि अशा लोकशिक्षणाच्या कामांसाठीं हर्शी यांनीं १९३५ सालीं एक निराळा निधि काढून ठेवला होता. शाळेचा निधि पोरक्या मुलांसाठीं, आणि हा लहान निधि गांवकऱ्यांसाठीं, अशी ही वांटणी होती. आजही नाट्यगृह, संग्रहालय, गुलाबाची बाग आणि गांवचा दप्तरखाना हीं चारही या लहान निधीच्या व्यवस्थेखालीं आहेत.

संग्रहालयाचा आरंभही १९३३ सालचाच. परंतु त्यांत हर्शी यांचें चित्र नव्हतें कीं चरित्र नव्हतें. त्यांनीं अमेरिकेंतील मूळ रहिवाशांच्या, म्हणजे तेथील आदिवासींच्या, वस्तूंचा एक संग्रह विकत घेऊन तो लोकांना पाहावयास ठेवला. १९३५ सालीं शेजारच्या मॅनहाइम गांवांतील डॅनर या दुकानदाराचा संग्रह घेतला. त्यांत पेनसिल्व्हेनियांतील जर्मन शेतकऱ्यांचीं पेट्या, कपाटें, चिनी मातीचीं भांडीं, विणकाम असें घरगुती सामान होतें. त्याच संग्रहांत जॉन फीस्टर या कारागिरानें अकरा वर्षें खपून १८७८ सालीं पुरें केलेलें एक प्रचंड घड्याळ आहे. त्यांत येशूचे बारा शिष्य एकामागून एक येऊन त्याच्या पुढून जातात. लहान मुलें तोंडाचा आ करून तें पाहात. राजेरजवाड्यांच्या तलवारी सोडून शेतकऱ्यांच्या पेट्या जपाव्या असें एका कारखानदाराला वाटावें, हें विशेष आहे. आपल्या आईच्या घरांतलें जग नाहीसें होत आहे, आणि तें नाहीसें करणाऱ्यांत आपला कारखानाही एक आहे, हें त्यांना जाणवलें होतें कीं काय, कोण जाणे.

येथवर गोष्ट गोड आहे. पण इतिहासाला गोड तेवढेंच सांगून चालत नाहीं. समाजमंदिर उघडून चार वर्षें होत नाहींत तोंच, १९३७ च्या एप्रिलांत, याच कारखान्यांत संप झाला. कामगारांनीं आपली संघटना केली होती. ‘घर, बाग आणि नाट्यगृह दिलें तें चांगलें केलें, पण काम केव्हां मिळेल, केव्हां सुटेल, मुकादमाच्या मर्जीवर किती चालेल, यांविषयीं बोलण्याचा हक्क कोठें आहे?’ असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. संघटनेच्या पुढाऱ्यांना कामावरून कमी केलें असा समज होऊन २ एप्रिल रोजीं कामगार यंत्रांजवळच बसून राहिले. कारखाना थांबला. पण गाई थांबत नाहींत. कारखाना रोज लक्षावधि रत्तल दूध घेत असे. तें घेणारा कोणी नसल्यामुळें शेतकऱ्यांचें दूध वायां जाऊं लागलें. ७ एप्रिल रोजीं संतापलेले शेतकरी आणि संपांत नसलेले कामगार काठ्या, हातोडे घेऊन कारखान्यांत घुसले, आणि संपवाल्यांना मारीत मारीत बाहेर काढलें. एकाच गांवचीं माणसें, एकाच नाट्यगृहांत शेजारीं बसणारीं, त्या दिवशीं एकमेकांचीं डोकीं फोडीत होतीं.

हर्शी त्या वेळीं ऐंशीच्या घरांत होते. या प्रकारानें त्यांच्या मनाला मोठा धक्का बसला. बापानें मुलांसाठीं सर्व कांहीं करावें आणि मुलांनीं हिशेब मागावा, तशी त्यांची स्थिति झाली. परंतु येथेंच विचार करण्यासारखी गोष्ट आहे. मजूर हा मुलगा नव्हे. मुलाला बाप देतो तें प्रेमानें. मजुराला मिळतें तें त्याच्या श्रमाचें मोल. मोलाच्या जागीं प्रेम ठेवलें तर प्रेमही टिकत नाहीं आणि मोलही कमी भरतें. संप मोडला तरी प्रश्न मोडला नाहीं. पुढें कांहीं काळानें कामगारांची दुसरी संघटना मान्य करावी लागली आणि करार झाला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत गांवच्या मोठ्या क्रीडागृहांत हर्शी यांचा ऐंशीवा वाढदिवस कामगारांनीं थाटानें साजरा केला. एप्रिलांतला राग खोटा नव्हता आणि सप्टेंबरांतली कृतज्ञताही खोटी नव्हती. दोन्ही एकाच गांवच्या मनांत एकाच वेळीं नांदत होत्या, हेंच समजून घ्यावयाचें आहे.

दुसऱ्या महायुद्धांत कारखान्यानें सैनिकांसाठीं न वितळणारें कठीण चॉकलेट कोट्यवधि वड्यांनीं पुरविलें. १३ ऑक्टोबर १९४५ रोजीं, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं, मिल्टन हर्शी वारले. आपला भव्य वाडा त्यांनीं १९३० सालींच गांवच्या क्रीडासंघाला देऊन टाकला होता, आणि स्वतःसाठीं वरच्या मजल्यावर थोडी जागा ठेवली होती.

मालक गेल्यावर मालकाची इच्छा म्हणजे काय, हें ठरविण्याचें काम कोर्टाकडे आलें. दानपत्रांत शाळेचा लाभ फक्त गोऱ्या वर्णाच्या पोरक्या मुलग्यांना होता. त्या काळाचा हा दोष दानाच्या शुभ्र वस्त्रावर डागासारखा राहिला होता. १९७० सालीं वर्णाची अट गेली आणि १९७६ सालीं मुलींनाही दार उघडण्याची परवानगी मिळाली. आज तेथें दोन हजारांहून अधिक गरीब मुलेंमुली विनामूल्य राहतात व शिकतात. तसेंच, निधि इतका वाढला कीं शाळेला तो सगळा खर्च करवेना. १९६३ सालीं कोर्टाच्या संमतीनें त्यांतील पांच कोटि डॉलर काढून हर्शी येथें वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय स्थापण्यास दिले. विद्यापीठाच्या अध्यक्षांना ही देणगी एका दूरध्वनीवर कळविण्यांत आली. दात्याच्या इच्छेचें अक्षर सोडून तिचा आशय धरला, तर दान वाढतें. अक्षरच धरून बसलें तर तें कुजतें, याचें हें उत्तम उदाहरण.

परंतु याच अधिकाराची दुसरी बाजू २००२ सालीं दिसली. शाळेचे विश्वस्त कंपनी विकावयास निघाले. सारा निधि एकाच धंद्यांत अडकवून ठेवणें मुलांच्या हिताचें नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें आणि हिशेबाच्या दृष्टीनें तें चुकीचें नव्हतें. बारा अब्ज डॉलरांहून अधिक किंमत देणारें गिऱ्हाईकही आलें. पण गांव खवळून उठलें. घरोघर विरोधाच्या पाट्या लागल्या. शाळेचे माजी विद्यार्थी, कामगार, दुकानदार, पेन्शनर एकत्र आले. ज्या गांवानें १९३७ सालीं एकमेकांचीं डोकीं फोडलीं, तेंच गांव या वेळीं एका बाजूला उभें होतें. संस्थानचे सरकारी वकील कोर्टांत गेले, आणि पोरक्या मुलांच्या मिळकतींवर देखरेख करणाऱ्या तेथील न्यायालयानें विक्रीस मनाई केली. १७ सप्टेंबर रोजीं विश्वस्तांनीं दहा विरुद्ध सात मतांनीं विक्री रद्द ठरविली. कागदावर गांवाचा कंपनींत एक पैचाही वांटा नव्हता. तरीही ‘ही आमची आहे’ असें तें म्हणालें, आणि त्याचें ऐकलें गेलें. दानाचा ओघ एका पिढीनें स्वीकारला कीं पुढच्या पिढीला त्यांत हक्क दिसूं लागतो. आणि हें कृतघ्नपणाचें लक्षण नसून दान मुरल्याचें लक्षण आहे.

२००९ च्या जानेवारींत जुन्या संग्रहालयाच्या जागीं चॉकलेट रस्त्यावर नवी इमारत उघडली. येथें मात्र खुद्द मिल्टन हर्शी यांचें चरित्र सांगितलें आहे. फिलाडेल्फियाचें बुडालेलें दुकान, न्यूयॉर्कची नामुष्की, कढया, यंत्रें, वेष्टनें, गांवाची घडण, शाळा, सर्व क्रमानें येतें. मुलांना हातानें चॉकलेट करून पाहण्याची सोयही तेथें आहे. गांवच्या दप्तरखान्यांत तीनशें डॉलरांचा एक चेक जपून ठेवला आहे. ‘टायटॅनिक’ बोटीवर जागा राखण्यासाठीं १९११ च्या डिसेंबरांत हर्शी यांनीं तो दिला होता. कामाच्या निकडीमुळें ते अगोदरच्या बोटीनें परतले आणि वांचले. त्या वेळीं ते बुडते, तर १९१८ चें दान झालें नसतें, १९३३ चें समाजमंदिरही झालें नसतें. एका कागदाच्या कपट्यावर एवढें भवितव्य टेकलेलें पाहून प्रेक्षक क्षणभर गंभीर होतो.

हर्शी स्वतः फार थोडें लिहीत. त्यामुळें त्यांच्याविषयीं जें कळतें त्यांतलें बरेंचसें त्यांच्या मृत्यूनंतर जुन्या नोकरांनीं, शेजाऱ्यांनीं आणि विद्यार्थ्यांनीं सांगितलेल्या आठवणींतून आलेलें आहे. उपकार झालेल्यांनीं सांगितलेली कथा गोडच असणार. म्हणून संग्रहालय पाहणाऱ्यानें दोन गोष्टी मनांत ठेवल्या पाहिजेत. वाफेचें यंत्र काढून चाळीस माणसें लावणारा हर्शी खरा, आणि ज्याच्या कारखान्यांत १९३७ सालीं कामगार हक्कासाठीं बसून राहिले तो हर्शीही खरा. एकाला पुसून दुसरा दाखविला तर संग्रहालयाचें देऊळ होतें, आणि देवळांत प्रश्न विचारतां येत नाहींत.

१९०५ चा जुना कारखाना २०१२ सालीं बंद झाला आणि त्याचा बहुतेक भाग पुढें पाडला. उत्पादन गांवाच्या पश्चिमेकडील नव्या कारखान्यांत गेलें. समाजमंदिराचाही बराचसा भाग मध्यंतरीं कचेऱ्यांकडे गेला. पण नाट्यगृह चालूं आहे. संध्याकाळीं दिवे मंद होतात, छतावर तारे उगवतात, ढग सरकतात, आणि शाळेंतलीं पोरकीं मुलें, परगण्यांतले शेतकरी, कारखान्यांतले कामगार शेजारीं शेजारीं बसून वर पाहतात. तें आकाश खरें नाहीं हें सगळ्यांना ठाऊक असतें. पण त्याच्याखालीं एकत्र बसण्याची जागा खरी आहे, आणि ती एका चौथी शिकलेल्या मिठाईवाल्यानें मंदीच्या काळांत, जेव्हां सगळे हात मागें घेत होते, तेव्हां गांवाला करून दिली. धनिकाचें स्मारक त्याच्या पुतळ्यांत असतें त्याहून अशा जागेंत अधिक असतें. आणि ती जागा आतां आपली आहे, तिच्याविषयीं बोलण्याचा आपल्याला हक्क आहे, असें जेव्हां गांव निर्भयपणें म्हणूं लागतें, तेव्हांच दात्याचें ऋण खऱ्या अर्थानें फिटूं लागतें.